बारा टकरी, एकच बी

पडद्यावर बारा चित्रं होती, आणि बाराही सारखी होती.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एका ठिपक्याचाही फरक नव्हता.

ही गोष्ट २००६च्या मे महिन्यातली. रविवार, सकाळचे दहा. नागपूरच्या एका विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाची मागची खोली, खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, भिंतीशी ओळीनं मांडलेल्या बारा मशिनी, आणि त्यांच्यापुढे मी. प्रणिता कापगते, मूळची साकोलीची, वय सत्तावीस, पीएच.डी.चं चौथं वर्ष. चित्रं हवी होती आमच्या उमाठे सरांना. मंगळवारी सकाळच्या गाडीनं ते कोलकात्याला निघणार होते आणि गुरुवारी तिथल्या परिषदेत त्यांचं अर्ध्या तासाचं व्याख्यान होतं. पहिल्याच स्लाइडवर त्यांना बारा टकरी दाखवायच्या होत्या, दर मशिनीतून एकेक उचललेली. ‘लोकांना आधी दिसू दे,’ ते म्हणाले होते, ‘की दोन टकरी कधी सारख्या नसतात.’

आमचं काम थोडक्यात सांगते. सोन्याचे दोन अणुगर्भ जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं एकमेकांवर आपटले, की क्षणभर एक भयंकर तापलेलं सार तयार होतं आणि त्यातून शेकडो, हजारो कण उडतात. असं आपटणारं यंत्र परदेशात होतं. आम्ही गरिबांनी तीच टक्कर संगणकात घडवायची आणि दर वेळी किती प्रोटॉन बाहेर पडले ते मोजायचं. कधी बारा, कधी वीस, कधी पंधरा. सरासरीशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. आमचं सगळं लक्ष त्या कमी-जास्त होण्यावर. एखाद्या ठरावीक ऊर्जेला हा चढउतार एकदम वाढला, तर त्या साराची अवस्था पालटत असल्याची ती खूण, असं जगातल्या बऱ्याच लोकांना वाटत होतं आणि ते ती खूण शोधत होते. आणि आमच्या साध्याभोळ्या प्रोग्राममध्ये, ज्यात अवस्था वगैरे पालटण्याचं काहीच घातलेलं नव्हतं, तिथेही नेमका एका ऊर्जेला उंचवटा आला होता. याचा अर्थ असा की जिला तुम्ही खूण म्हणताय, ती नुसत्या योगायोगाच्या खेळातूनही उगवते. परिषदेवाल्यांचे कान टवकारले. सरांना बोलावणं आलं.

तीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलं बोलावणं. तोवर सर परिषदांना जायचे ते भिंतीवर पोस्टर चिकटवायला आणि चार तास त्याच्याशेजारी उभे राहायला. येणारे-जाणारे चहाचा कप घेऊन पुढे सरकायचे. जुलैमध्ये सर निवृत्त होणार होते, म्हणजे हे बोलावणं पहिलं तसंच शेवटचंही.

“काय वं, भूत पाह्यलं का?” मागून प्रसेनजित म्हणाला. प्रसेनजित रामटेके माझ्या एक वर्ष पुढे होता. कागदातले तर्री-पोहे खात तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

“प्रसेन, हे बघ.”

त्यानं पाहिलं. “एकच फाइल बारा वेळा काढली तू. दोन दिवस झोपली नाही ना? जा, झोप.”

“नावं वेगळी आहेत. ही पहिल्या मशिनीची, ही दुसरीची, ही तिसरीची.”

“मग मशिनी एकमेकींची कॉपी करून राहिल्या का? दहावीच्या परीक्षेले बसल्या का त्या?”

“दुसऱ्या दिवसाची फाइल काढू.”

आम्ही एप्रिलच्या सुरुवातीची काढली. बारा चित्रं, बाराही वेगळी. मी सुटकेचा श्वास सोडला. वीस एप्रिलची काढली. बाराही एकसारखी. प्रसेनजितनं पोह्यांचा कागद खाली ठेवला. पाच मेची काढली, तर गंमतच. दहा सारखी आणि दोन वेगळी.

“हे तं अजबच झालं,” तो म्हणाला. “साऱ्याच सारख्या असत्या तं प्रोग्राम बिघडला म्हटलं असतं. साऱ्या वेगळ्या असत्या तं प्रश्नच नव्हता. हे दहा आणि दोन काय आहे?”

खरं सांगते, त्या वेळी मला भीती वाटली नव्हती. मला मजा वाटत होती. आणखी पाच-सहा दिवस तपासावेत म्हणून मी हात पुढे केला आणि बरोबर अकराला वीज गेली.

त्या उन्हाळ्यात विदर्भात लोडशेडिंग होतं आणि आमच्या भागाची पाळी अकरा ते दोन अशी होती. संध्याकाळी आणखी एक फेरी. बाहेर पंचेचाळीस अंश, आत कूलर बंद. शहाणा माणूस घरी गेला असता. आम्ही दोघं ओले रुमाल डोक्यावर घेऊन तिथेच बसलो आणि तर्क लढवले. नेटवर्कची वायर चुकली असेल. कुणीतरी फायली इकडच्या तिकडे केल्या असतील. प्रसेनजितचा एक तर्क असा होता की टकरी खरंच सारख्या होतात आणि आजवर कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याबद्दल आपल्याला मोठं बक्षीस मिळेल म्हणाला.

दोन वाजता वीज आली. भिंतीशी ओळीनं बसलेल्या बाराच्या बारा मशिनी एका दमात म्हणाल्या, “पीं.”

बारा नव्हे, एकच ‘पीं’.

मी उभी राहिले. “प्रसेन. बी.”

आता हे बी म्हणजे काय ते सांगायला हवं. संगणकाला फासे टाकता येत नाहीत. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला आम्ही बी म्हणायचो. त्या बीमधून तो आकड्यांची लांबलचक रांग उगवतो. रांग दिसायला अगदी बेभरवशाची असते, पण बी तेच दिलं तर रांगही तीच, अक्षरशः आकड्याला आकडा. म्हणून दर वेळी नवं बी. सरांचा हा मूळ प्रोग्राम १९८९चा, आणि त्यात बी हातानं टाइप करावं लागायचं. सर बिया गोळा करायचे. स्कूटरवरून येताना पुढच्या गाडीचा नंबर, लग्नपत्रिकेवरचा फोन, औषधाच्या बाटलीवरचा बॅच क्रमांक. सगळं एका लांबट वहीत तारखेवार लिहायचे आणि वापरलेल्या बीवर लाल टिंब करायचे. सतरा वर्षांच्या वह्या कपाटात होत्या. आम्ही त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करत असू.

मी त्या मार्चमध्ये हा प्रकार बंद केला. दिवसातून दोनदा वीज जाणार, परत आल्यावर बारा मशिनींपुढे बसून बारा बिया कोण टाइप करणार? मी अशी व्यवस्था केली की वीज आली की मशिनी आपोआप चालू, काम आपोआप सुरू, आणि बी म्हणून त्या क्षणी घड्याळात किती सेकंद झालेत तो आकडा. एका ओळीत काम. हातानं एकेक मशीन चालवून मी ते तपासूनही पाहिलं होतं, आणि बिया वेगळ्याच पडल्या होत्या, कारण एका मशिनीकडून दुसरीकडे जायला मला दहा सेकंद लागत होते. आणि एप्रिलच्या दहा तारखेला, या बारा लाख टकरी सुरू करताना, वर आणखी एक हुशारी. फायलींच्या वेळा जुळाव्यात म्हणून बाराही मशिनींची तोवर मागेपुढे चालणारी घड्याळं मी एकमेकींशी मिळवून ठेवली होती.

सरांनी एकदाच विचारलं होतं, “आता बी कोण देते?”

“घड्याळ देतं, सर.”

“हं,” ते म्हणाले होते आणि वही कपाटात ठेवली होती.

प्रसेनजितला सगळं उलगडायला मिनिटभर लागलं. मग तो खुर्चीत बसला. “म्हणजे आपण बारा लाख टकरी केल्या म्हणून राहिलो...”

“त्या एक लाखच आहेत. बारा-बारा वेळा मोजलेल्या.”

“मग तो उंचवटा?”

एखादा आकडा एका लाखात योगायोगानं थोडा वर जाऊ शकतो. बारा लाखांत सहसा जात नाही. आमचा सगळा आत्मविश्वास त्या ‘बारा’वर उभा होता. माझी मजा तिथेच संपली.

“सरांना सांगशील?” त्यानं विचारलं.

“सांगावं तर लागेलच.”

“परत आल्यावर सांग. ऐक माझं. गुरुवार होऊन जाऊ दे. मग चुकीची दुरुस्ती पाठवता येते, सारेच पाठवतात. तीस वर्षं थांबला तो माणूस, वं.”

आणि इथे माझी बदमाशी सांगते. ते ऐकून मला राग आला नाही. बरं वाटलं.

सोमवारी संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले, सांगायचंच असं ठरवून. दार सिंधुकाकूंनी उघडलं. पलंगावर सुटकेस उघडी, तिच्यात नवा कोरा सफारी, घडीवर टाचण्या तशाच. सर बैठकीत फ्रिजसमोर उभे होते, कारण फ्रिज हा त्यांचा पडदा होता, आणि हातात पट्टी होती.

“ये, ये. बरी आली. इथे बस. तू प्रेक्षक.”

“सर, मला जरा...”

“नंतर. आधी ऐक. मी वेळ लावून पाहून राहिलो. काल तेहेतीस मिनिटं झाली.”

काकू म्हणाल्या, “तीन दिवस झाले, मीच ऐकून राहिली. त्या सोन्याच्या गोळ्या आता माझ्या सपनात येते. तू ऐक बाई, मी कणीक भिजवते.”

सर बोलले. मी इतक्या वर्षांत त्यांना वर्गात शिकवताना ऐकलं होतं, पण हे निराळं होतं. उंचवट्याशी आले तेव्हा त्यांनी फ्रिजच्या दारावर पट्टी टेकवली आणि थांबले. “इथे मी दहा सेकंद थांबणार,” मला म्हणाले. “लोकांना पाहू द्यायचं. घाई नाई करायची. बरोबर ना?”

“बरोबर, सर.”

एकोणतीस मिनिटांत संपलं. ते माझ्याकडे बघत होते. मी टाळ्या वाजवल्या.

“चित्रं झाली ती?”

“होऊन राहिली, सर. उद्या स्टेशनवर आणते.”

काकूंनी जेवायला थांबवलं. पाटोडीची भाजी होती. हॉस्टेलवर परतताना मी स्वतःला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

मंगळवारी सकाळी हावड्याची गाडी वेळेवर होती, नेमकी त्याच दिवशी. सर खिडकीशी बसले होते, काकू खाली फलाटावर जेवणाच्या डब्यावरचा कपडा पुन्हा बांधून देत होत्या. मी धावत पोचले. सीडी नव्हती माझ्याकडे. एक कागद होता, आणि त्यावर बारा चित्रं छापलेली.

“सर, खाली या. दोन मिनिटं.”

ते दारात आले. मी कागद दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

“हे एकच आहे.”

“बारा आहेत, सर. बारा मशिनींच्या. वीज आली की सगळ्या एकाच सेकंदाला सुरू होतात. बी एकच पडतं. एप्रिलपासून असंच चाललंय.”

सर कागदाकडे बघत राहिले. फलाटावर चहावाला ओरडत होता.

“तुला कधी कळलं?”

“रविवारी.”

“म्हणजे काल फ्रिजसमोर...”

“हो, सर. तेव्हा माहीत होतं. मला सांगवलं नाही.” मी रडायला लागले. मला त्याची आजही लाज वाटते, कारण रडायचा हक्क त्यांचा होता.

“काय झालं, अहो?” काकूंनी विचारलं.

“काई नाई,” सर म्हणाले. “बारा पोरं झाली म्हणून पेढे वाटायले निघालो होतो. एकच निघालं. त्याचेच बारा फोटो.”

काकूंना अर्थ कळला नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळला. “मग उतरता का?”

सरांनी सुटकेसकडे पाहिलं. फलाटावरच्या घड्याळात पाहिलं. गाडीनं शिट्टी दिली. तेव्हा ते बाजूला सरकले आणि मला म्हणाले, “चढ.”

“मी? सर, माझ्याकडे तिकीट नाही. कपडे नाहीत. पायात स्लिपर आहे.”

“गुरुवारी मी तिथे उभा राहून काय सांगू? किती सेकंद, किती मशिनी, किती वेळा, हे मला माहीत आहे का? तुला माहीत आहे. चढ लवकर. तुझ्या घरी काकू फोन करेल. सिंधू, हिच्या हॉस्टेलवर कळव गं.”

अशी मी कोलकात्याला निघाले. सर टी.सी.शी काय बोलले कोण जाणे, पण गोंदिया येईपर्यंत मला बसायला जागा मिळाली होती.

भंडारा रोड गेल्यावर सरांनी पिशवीतून कोरे कागद काढले. “सांग. एप्रिलची बारा तारीख. वीज किती वेळा गेली?”

“ते कसं आठवणार, सर?”

“मला आठवते. माझ्या घरची पाण्याची मोटर त्याच फीडरवर आहे. एकोणीस तारखेपर्यंत सकाळी आठ ते अकरा, मग अकरा ते दोन. संध्याकाळची वेळ तीच राहिली. लिही.”

आम्ही लिहीत गेलो. सर दिवस सांगायचे, मी त्या दिवशी किती फायली पडल्या ते सांगायची. ज्या वेळी बाराही मशिनी एकदम उठल्या, तिथे बाराच्या जागी एक. समोरच्या बर्थवर रायपूरला जाणारे एक गृहस्थ होते. बराच वेळ बघून त्यांनी हिंदीत विचारलं, हे काय चाललंय? सरांनी त्यांना सांगितलं ते मी पुढे कित्येक वर्षं माझ्या वर्गात सांगत आले. सर म्हणाले, “समजा लग्नात बुंदी कशी झाली ते विचारायचं आहे. आम्ही गावभर सांगितलं की बारा जणांना विचारलं, बाराही जण म्हणाले फार गोड. खरं म्हणजे आम्ही एकट्या मामालाच बारा वेळा विचारलं होतं. आणि मामाची जीभ कशी आहे ते आम्हाला माहीत नाही.”

“तो अब बुंदी कैसी थी?” गृहस्थांनी विचारलं.

“वही तो देख रहे हैं,” सर म्हणाले.

राजनांदगाव आणि दुर्गच्या मध्ये हिशेब पुरा झाला. आमचा उंचवटा योगायोगानं पडू शकणाऱ्या फरकाच्या मर्यादेच्या पाचपट उंच होता, म्हणूनच बोलावणं आलं होतं. टकरी बारापट कमी, म्हणजे वर्गमुळाच्या नियमानं ती मर्यादा साडेतीनपट मोठी. पाचाला साडेतीननं भागायचं होतं. सरांनी पेन माझ्या हातात दिलं. मी भागाकार केला. दीडही आला नाही.

“दीड,” सर म्हणाले. “दीडपट तं कोणताही आकडा कधीही वर जाते. दीडाले कोणी कोलकात्याले बोलावते का?”

मी पेनाला टोपण लावलं.

“प्रणिता, मला वाईट वाटून राहिलं,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “खूप वाईट वाटून राहिलं. तुला म्हणून सांगतो.”

माझे गुरू असं सरळ माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी अर्धी पोळी खाल्ली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले.

बिलासपूर जवळ आलं तेव्हा ते एकदम उठून बसले. “पण पाच मेला दहा सारख्या आणि दोन वेगळ्या का?”

“काय?”

“तूच म्हणाली ना फलाट सुटल्यावर. दहा आणि दोन. का?”

मला तोवर सुचलं नव्हतं. मग आठवलं. “सर, सात आणि नऊ नंबरच्या मशिनी. अचानक वीज गेली की कधीकधी त्या सुरू होताना आधी स्वतःची डिस्क तपासत बसतात. दोन-तीन मिनिटं. त्यामुळे मागे पडल्या असणार.”

“म्हणजे ज्या दोन आजारी, त्यांनीच खरं काम केलं!” सर इतक्या मोठ्यानं हसले की वरच्या बर्थवरचं पोर जागं झालं. त्यांनी पुन्हा कागद ओढले, त्या दोन मशिनींच्या टकरी वेगळ्या धरायला हव्यात म्हणून. एकाचे तीन झाले, उत्तरात फारसा फरक पडला नाही, पण सरांचा हात आता भरभर चालत होता. मी मात्र एकीकडे दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष ठेवून होते. घड्याळावरून बी घ्यायची ती ओळ कुणी लिहिली, हे त्यांनी विचारलं नव्हतं. फलाटावर नाही, गाडीत नाही. आणि मीही आपण होऊन ते म्हटलं नव्हतं.

गुरुवारी सर नव्या सफारीत उभे राहिले. दोनशे माणसांचं सभागृह होतं, सगळं इंग्रजीत चाललेलं. मी मराठीत सांगते. मी पहिल्या रांगेत कडेला बसले होते, आयोजकांपैकी एका मुलीनं दिलेला सलवार-कुर्ता आणि पायात तीच स्लिपर.

पहिली स्लाइड आली. माझ्या कागदावरून स्कॅन केलेली बारा सारखी चित्रं. मागे कुणीतरी हसलं, तंत्रज्ञ धावत पुढे आला, त्याला वाटलं कॉम्प्युटर अडकला. सरांनी त्याला हातानं थांबवलं. “यंत्र ठीक आहे,” ते म्हणाले. “ज्या निष्कर्षासाठी तुम्ही मला बोलावलंत, तो आता माझ्याकडे नाही. तो कसा आला आणि कसा गेला, एवढंच सांगतो.”

त्यांनी लोडशेडिंग सांगितलं. वीज आल्यावरचा ‘पीं’ सांगितला, तोंडानं काढूनही दाखवला. हशा झाला. हळूहळू हशा कमी होत गेला आणि लोक वह्यांमध्ये लिहायला लागले. जिथे दहा सेकंद थांबायचं ठरलं होतं तिथे ते थांबले, फक्त आता पडद्यावर उंचवटा बुडवून टाकणाऱ्या मोठ्या मर्यादा होत्या.

संपल्यावर टाळ्या झाल्या, त्या बेताच्याच. मग तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या, पांढरे केस, आवाज चिरका. “डॉक्टर उमाठे, प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण अनेक यंत्रं एकदम चालवताना घड्याळावरून बी घेऊ नये, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो. इतकी वर्षं या कामात असलेल्या माणसानं ती ओळ लिहिली कशी?”

सरांनी चष्मा काढला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “ओळ माझी आहे. जुनी सवय.”

सतरा वर्षांच्या वह्या. स्कूटरवरून टिपलेले नंबर, एकेका आकड्यावर लाल टिंब. ज्या माणसानं आयुष्यात एकही बी दोनदा वापरलं नव्हतं, तो दोनशे लोकांसमोर म्हणत होता की ती माझी जुनी सवय. पाढे म्हणावेत इतक्या सहज म्हणत होता. गाडीत मला का विचारलं नाही, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी नागपूर सुटायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

मी उठले. “ओळ त्यांची नाही,” मी म्हणाले. “माझी आहे. सरांच्या प्रोग्राममध्ये बी हातानं द्यावं लागायचं. ते मला जुनाट वाटलं म्हणून मी काढून टाकलं. घड्याळंसुद्धा मीच जुळवली होती.”

दोनशे डोकी माझ्याकडे वळली, मग माझ्या स्लिपरकडे. सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असं वाटलं मला. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली, पायऱ्या उतरून खाली आले, आणि माझ्या रिकाम्या झालेल्या खुर्चीत बसले.

“जा वर,” ते हळूच म्हणाले. “ज्याची ओळ, त्यानं उत्तर द्यायचं.”

मी गेले. त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मग दुसरा प्रश्न आला, तिसरा आला. एका तरुणानं विचारलं, आमच्याकडेही चाळीस मशिनी आहेत, सारख्या टकरी लवकर कशा ओळखायच्या? मी सांगितलं. दोघंजण फोन करायला बाहेर गेले, ते मला वरून दिसलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, शेवटचा एक प्रश्न.

पहिल्या रांगेत एक हात वर झाला. सरांचा. वर्गातल्या पोरासारखा सरळ, कोपर न वाकवता.

“एक मेला सुटी होती,” ते इंग्रजीत म्हणाले. “त्या दिवशी आमच्याकडे वीज गेली नाही. आदल्या संध्याकाळी सफाईसाठी बंद केलेल्या मशिनी तुम्ही हातानं एकेक करून सुरू केल्या होत्या. म्हणजे त्या दिवसाच्या बाराही फायली खऱ्या असल्या पाहिजेत. त्यांत उंचवटा आहे का?”

हे आमच्या गाडीतल्या कागदांवर कुठेच आलं नव्हतं. त्यांना आत्ता, खुर्चीत बसल्यावर सुचलं होतं. सभागृह वाट बघत होतं.

“मला माहीत नाही, सर,” मी मराठीतच म्हणाले.

“मलाही नाही,” सर म्हणाले, आणि बिलासपूर सुटल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. “म्हणून तर विचारून राहिलो.”